गाडीला उन्हाळ्याचं तेल

२ मे, शनिवार

वैशाली नागपूरला परत जाताना ही डायरी देऊन गेली. म्हणे, "आई, बाबांवर ओरडण्यापेक्षा ह्याच्यात ओरडत जाय." चौथी शिकलेल्या बाईनं लिहून लिहून किती लिहावं? पण आज ओरडून घसा बसला आणि राग तर अजून बाकी आहे. म्हणून लिहून राहिली.

गाडी, म्हणजे आमची मोटरसायकल, आज पुन्हा बंद पडली. पांढुर्ण्याच्या अलीकडे, चढावर. डोक्यावर ऊन असं की सावलीलाही सावली पाहिजे. इंजिनाजवळ पाय नेला तर साडीची किनार करपते का काय असं वाटावं. मी एका बाभळीखाली गाडी लावली, टोपलीवर पदर धरला आणि गाडीला शिव्या दिल्या. गाडीला ऐकू येत नाही, माझ्या नवऱ्यासारखंच.

टोपलीत पोळ्या होत्या. माझा धंदाच तो. लांब पोळ्या. उपड्या मडक्याखाली जाळ करायचा, पातळ कणीक हातावर खेळवून कोपरापर्यंत ताणायची आणि तापलेल्या मडक्यावर टाकायची. आमच्या सौंसरात माझ्या हाताची पोळी सगळ्यांना माहीत आहे. पण सौंसरात खाणारे तेवढेच. पांढुर्णा जिल्हा झालं तसे तिथे ऑफिसवाले वाढले. वंदनाताईंची खानावळ दुपारी गच्च भरते. त्या म्हणाल्या, "यमुनाताई, मे महिनाभर पाहते. जेवणाच्या सुट्टीच्या आधी मऊ पोळी आली पाह्यजे. आली तर सालभर तुमचीच. नाही तर इथलीच एक बाई तयार आहे."

हे काम मिळालं नाही तर वैशाली आम्हा दोघांना नागपूरला नेणार. तिच्या फ्लॅटात मडकं पेटवलं तर अख्खी सोसायटी खाली उतरेल. तिथे मी काय करू? टीव्ही पाहू?

गाडी ह्यांची आहे. हे, म्हणजे मोतीराम, ह्याच गाडीवर कापडाचे गठ्ठे घेऊन बाजार करायचे. दिवाळीपासून हात थरथरायला लागले तशी गाडी सुटली. मग मी शिकली. ह्यांनीच शिकवली, वावरात. आता हे घरी बसून असतात आणि विचारलं तेवढंच बोलतात. एक मात्र करतात, खोटं कशाला बोलू. रोज सकाळी मी चुलीजवळ असते तेव्हा पोतं भिजवतात आणि इंजिनाभोवती सुतळीनं बांधून देतात. थंड राहावं म्हणून. थरथरत्या हातानं गाठ मारायला त्यांना किती वेळ लागतो! पण मारतात.

एवढं करून गाडी तापते. मतलब तेलातच खोट आहे.

४ मे, सोमवार

मंगेशकडे गेली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. काडी बुडवून तेल पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, तेल बरोबर आहे. दहा-तीसचं आहे, कंपनीच्या पुस्तकात हेच लिहून राह्यते."

मी म्हटलं, "हे तर पाण्यावानी पातळ आहे. कंपनीच्या पुस्तकवाल्यानं कधी पांढुर्ण्याचा वैशाख पाह्यला का?"

तो हसला. मग त्यानं डब्यावरचे आकडे समजावले. पहिला आकडा थंडीतला, दुसरा गरमीतला. दुसरा जितका मोठा तितकं गरमीत तेल जाड राहते. मी म्हटलं, मग सगळ्यात मोठा दे.

"वीस-पन्नास आहे. पण तुमच्या गाडीले भारी होईन. जास्तीत जास्त वीस-चाळीस टाका."

"मंगेश, गाडी कोणाची?"

"तुमची."

"ऊन कोणाच्या डोक्यावर?"

"तुमच्याच."

"मग टाक पन्नास."

टाकलं. डब्यातून असं पडत होतं जसा गुळाचा पाक. मला बरं वाटलं. जाड वस्तूचा भरोसा वाटतो.

५ मे

तापली.

९ मे, शनिवार

आठवडाभर तेच रडगाणं. सकाळी गाडी सुरू व्हायलाच तयार नाही, झोपेतून उठवलेल्या म्हशीसारखी करते. निघाली की गाव सुटेपर्यंत ठीक. मग हळूहळू आवाज बदलतो. टकटक टकटक. अर्ध्या रस्त्यात जळका वास यायला लागतो आणि चढावर दम संपतो. थोडा वेळ थांबली की पुन्हा चालते. पण पोळी कुठं थांबते? झाकून किती ठेवावं? आज काठ पापडासारखे झाले होते.

वंदनाताईंनी एक पोळी उचलली, मोडली. मोडली! लांब पोळी मोडत नसते, फाटते. काही बोलल्या नाहीत. नुसतं घड्याळाकडे पाहिलं. बोलल्या असत्या तर मी दोन बोलली असती. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, हे मला लग्नापासून माहीत आहे.

येताना त्यांच्या नळावर पोतं भिजवून घेतलं. पूर्ण सुकून कडक झालं होतं. त्याच्या एका कोपऱ्याला काळा डाग पडला आहे. तेल गळून राहिलं वाटते. म्हणजे मंगेशनं झाकण नीट लावलं नाही. घरी येऊन पोतं सोडलं, वाळत टाकलं आणि मंगेशकडे जाऊन त्याला झापलं. त्यानं खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, कुठंच गळत नाही मावशी. त्याला दिसत नाही तर मी काय करू?

ह्यांना सांगितलं की गाडी रोज तापून राहिली. म्हणाले, "मंग उद्यापासून डबल पोतं बांधतो."

चला, कोणीतरी काही करतो म्हणालं.

११ मे, सोमवार

वामनभाऊजी आले होते. माझे दीर. ते नागपूरच्या एका सेठची कार चालवतात आणि स्वतःला सेठच समजतात. ऐकलं आणि म्हणाले, "वहिनी, तुमी लोक मोटरसायकलले मोटरसायकलचं तेल पाजता, तिथंच गलती. माह्या गाडीचं तेल टाका. एसीवाली गाडी आहे, तापत नाई."

डिक्कीत उरलेला डबा होता. सोन्यासारखा रंग. मला एकदा वाटलं मंगेशला विचारावं. पण परवाच त्याला झापलं होतं, आज कोणत्या तोंडानं जाऊ? भाऊजींनीच जुनं तेल काढलं आणि नवं टाकलं. हे उंबऱ्यात बसून पाहत होते. म्हणाले, "कारचं होय ते."

भाऊजी म्हणाले, "दादा, तेल तेल असते."

 ह्यांचं असंच आहे, एक वाक्य बोलायचं आणि मोठ्यानं कोणी बोललं की चूप.

१२ मे, मंगळवार

पेन कागदात रुतून राहिला. रागानं.

सकाळी गाडी मस्त सुरू झाली. गल्लीतून निघाली. मोठ्या रस्त्याला लागून मी मूठ पिळली तर इंजिन बोंबलते आणि गाडी जाग्यावर! मागून ट्रक. मी मूठ पिळून राहिली, आवाज वाढून राहिला आणि चाकाला काही घेणंदेणं नाही. ट्रकवाला हॉर्न वाजवून वाजवून बाजूनं गेला आणि जाताना, "अम्मा, गाडी को धक्का दो या भगवान को!"

रडतखडत, बैलगाडीच्या चालीनं पांढुर्ण्याला पोचली. लोकांचे हात धुऊन झाले होते. वंदनाताईंनी बाजारातून चपात्या मागवल्या होत्या. मला म्हणाल्या, "यमुनाताई, पोळी तुमचीच चांगली आहे, ते मी कुठं नाही म्हणते? पण भुकेल्या माणसाले मी काय सांगू, पोळी रस्त्यात आहे म्हणून? अजून एकदा असं झालं तर मग मले दुसरं पाह्यलागन."

तेवढ्या पोळ्या मी टोपलीतच ठेवून परत आली. कोणाला दिल्या नाहीत. कुत्र्यालाही नाही. रात्री आम्ही दोघांनी जमल्या तेवढ्या खाल्ल्या. 

१३ मे

शेवटी मंगेशकडे तोंड घेऊन गेली. पोरगा चांगला आहे, टोमणा एकच मारला. "मावशी, आता विमानाचं तेल टाकून पाहाचं का?"

मग सांगितलं की कारचा क्लच कोरडा राहतो, मोटरसायकलचा इंजिनाच्या तेलातच बुडलेला. कारच्या तेलात घसरण्यासाठी काही मिसळलेलं असतं, तेच क्लचच्या चकत्यांना लागलं आणि त्या एकमेकींना धरेनात.

हे मला लगेच समजलं. कणीक हातावर घेताना हाताला तेल जास्त झालं की पोळी हातावर ठरत नाही, सुळकन खाली जाते. तसंच. असं सोपं आधी काऊन नाही सांगत हे लोक?

तेल काढून टाकलं. दोनदा धुतलं. मंगेश म्हणाला, आता वीस-चाळीसच घ्या, डब्यावर दुचाकीचं लिहिलेलं पाहून घ्या आणि काडीवरच्या दोन्ही खुणांच्या मधात भरा, गळ्यापर्यंत नाही.

१८ मे, सोमवार

लिहायला टाइम नव्हता. चांगलं चाललं की लिहायला काय राहते?

पांढुर्ण्याला स्टेशनच्या रोडवर सुरेशभाऊंचं तेलाचं दुकान आहे. वंदनाताईंकडून दोन दिवस मागून घेतले, गाडी मंगेशकडेच ठेवली आणि शुक्रवारी बसनं जाऊन तिथून वीस-चाळीस घेतलं. महागाचं, बंद डब्यातलं, दुचाकीचं. शनिवारी आणि आज, दोन्ही दिवस गाडी अशी पळाली की काय सांगू! टकटक नाही, वास नाही. चढावर मीच थांबली, गाडीला काही झालं का पाहायला. हात लावला तर गरम होती पण नेहमीसारखी, भाजावं अशी नाही. वंदनाताईंच्या दारात मी भात उतरायच्या आधी हजर. पोळी हातावर लोंबत होती, अशी मऊ. वंदनाताई हसल्या.

मतलब मी पहिल्यापासून बरोबर होती. तेलातच खोट होती. सगळे मला वेड्यात काढून राहिले होते.

हे शनिवारी पहाटेच रामाकोन्याला भाच्याच्या लग्नाला गेले आहेत. उद्या येतील. बरंच झालं. दोन दिवस माझ्या डोक्याला शांती आणि गाडीलाही.

१९ मे, मंगळवार

हे लिहू का नको, तासभर विचार केला. पण ही डायरी माझी आहे, इथे कोण हसायला आहे?

हे रात्रीच आले होते. सकाळी उठून पाहिलं की मी दोन दिवस पोतं बांधलं नाही, तर वाईट वाटलं त्यांना. तोंडानं नाही बोलले, पण आज चांगलं घट्ट डबल बांधलं. मी निघाली.

अर्ध्या रस्त्यात टकटक. मग वास. मग चढ. मग बाभूळ.

माझं डोकंच फिरलं. दोन दिवसात तेल खराब? इतकं महागाचं? पोळ्या कशाबशा वेळेत वंदनाताईंकडे टाकल्या, त्यांचं तोंडही पाहिलं नाही आणि तडक सुरेशभाऊंच्या दुकानात गेली. तीन-चार गिऱ्हाईक उभे होते. उभे राहो.

"सुरेशभाऊ, हे तेल होय का नालीचं पाणी?"

"काय झालं काकू?"

"दोन दिवस गाडी थंडी, तिसऱ्या दिवशी चुलीवानी. डब्यात वरवर असली भरता आणि खाली नकली?"

"तेलाले वर-खाली काही नसते काकू. इंजिनात ते फिरतच राह्यते."

"मले नका शिकवू. पैसे मोजून नेलं मी, उधार नाही नेलं."

"बरं, गाडी कुठाय?"

"बाहेर बसून राहिली. तिले चक्कर आली."

सुरेशभाऊ बाहेर आले. मागून सगळे गिऱ्हाईक. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली बसले.

"हे काय होय?"

"पोतं."

"ते दिसून राहिलं. इंजिनले काऊन बांधलं?"

"थंड राहाले. माठाले नाही बांधत का तुमी ओलं फडकं?"

ते माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "काकू, माठ पाझरते. म्हणून फडकं ओलं राह्यते. इंजिन कुठून पाझरन? हे तर गावाबाहेर निघाल्याबरोबर सुकत असन. मंग झालं ना घोंगडं! ह्या पात्या दिसते का? वारा लागाले ठेवल्या कंपनीनं. तुमी वैशाखात तिले गोधडी पांघरून झोपवलं."

मागून एक जण म्हणाला, "सौंसरले थंडी पडली वाटते!"

अख्खं दुकान हसलं. शेजारचा पानवालाही हसला, त्याला काय समजलं काय माहीत.

मी पोतं सोडलं. आतून कुरकुरीत वाळलं होतं आणि तो काळा डाग तेलाचा नव्हता. पोतं जळून राहिलं होतं. अजून दोन दिवस बांधलं असतं तर मी टोपलीसकट पेटली असती.

माफी मागावी असं वाटलं. पण इतके लोक उभे होते. मी म्हटलं, "तरी तुमचं तेल महागच आहे," आणि निघून आली.

गाडी येताना तापली नाही. सांगायची गरज नाही.

२० मे

काल घरी आल्याबरोबर ह्यांना सांगितलं. रस्ताभर ठरवून आली होती की नरमाईनं सांगायचं. पण उंबऱ्यात पाय ठेवला आणि तोंडातून निघालं, "तुमच्या पोत्यानं माहा धंदा जाळला!" आणि मग सगळंच निघालं. हसणारे लोक, घोंगडं, सगळं.

हे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मले वाटलं थंड राह्यते."

"मलेही वाटलं. म्हणून का अख्ख्या दुकानात माहं हसू करून घ्याचं?"

पोतं माझ्या हातातून घेतलं. घडी केली. घडी करायलाही वेळ लागतो त्यांना, कोपरे जुळत नाहीत. मागच्या खोलीत नेऊन ठेवलं आणि जेवले नाहीत.

आज सकाळी गाडीजवळ आलेच नाहीत. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होते. मी निघताना दोनदा किक मारली, तीही नाही ऐकली. आता ह्याच्यात माझी काय चुकी? पोतं गुन्हेगार. मी फक्त नाव सांगितलं. तरी घरात वाईट मीच.

२३ मे, शनिवार

वंदनाताईंनी महिना संपायची वाट पाहिली नाही. चार दिवस टोपली वेळेच्या आधी आली, पोळी मऊ. म्हणाल्या, "ठरलं, यमुनाताई. सालभर. पण सोमवारपासून दोन टोपल्या पाह्यजे. लोक आता पोळीसाठीच येऊन राहिले. जमन ना?"

"जमन," मी म्हटलं. न जमायला काय झालं?

घरी येऊन गल्लीत गाडीच्या मागे दोन रिकाम्या टोपल्या बांधून पाहिल्या. एक डावीकडे कलली, दुसरी उजवीकडे. एकावर एक ठेवल्या तर वरची पहिल्याच खड्ड्यात उडाली आणि मंगेशच्या गॅरेजपर्यंत घरंगळत गेली. तो आणून देताना काही बोलला नाही. आता तोही ह्यांच्यासारखाच झाला.

दोन खेपा करायच्या तर मडक्याजवळ कोण बसणार?

नागपूरला फोन करून वैशालीला सांगितलं, सालभराचं ठरलं. ती म्हणाली, "आणि बाबा काय म्हणाले?" मी म्हटलं, बाबा काय म्हणतील, बाबा भिंत पाहून राहिले.

२४ मे, रविवार

दिवसभर घुसमटली. शेवटी संध्याकाळी खाटेजवळ जाऊन उभी राहिली.

"अवो, उद्या मागं बसा."

"मी? काऊन?"

"टोपली धराले. दोन आहेत. एक मागं बांधीन, एक माह्या अन तुमच्या मधात."

"हात हलतेत माहे."

"हलू द्या. मिठी मारून बसाचं आहे, सुई ओवाची नाही."

ह्यांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. "लोक हसतीन. बायको गाडी चालोते अन नवरा मागं टोपली घेऊन."

"पांढुर्ण्याचं अख्खं दुकान माह्यावर हसलं. थोडं तुमच्यावर हसू द्या. एकटीनं किती घेऊ?"

पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "तेलाची काडी पाह्यली का?"

"नाही."

उठले. चप्पल घातली. बाहेर गेले. अंधार पडेपर्यंत गाडीजवळ काय करून राहिले होते, मी काही विचारलं नाही. कणीक भिजवायची होती.

२५ मे, सोमवार

वैतागून आली. हा माणूस घरी बोलत नाही तेच बरं होतं.

गाव सुटलं नाही की सुरू झाले. "गियर बदल." बदलला. "अजून बदल, इंजिन बोंबलून राहिलं, तुले ऐकू येत नाही का?" मी म्हटलं, महिनाभर मी तेलच ऐकून राहिली, गियर कुठं ऐकू? मग, "ब्रेकवरचा पाय काढ. शिलाई मशीन होय का?" मग, "खड्डा." खड्डा मलाही दिसत होता. टोपलीवरून मान काढून काढून सांगत होते. चढ आला तर म्हणाले, आधीच खालचा गियर घे, मग नको घेऊ. घेतला. गाडी चढून गेली. बाभळीकडे मी पाहिलंही नाही.

पोचलो तर जेवणाची सुट्टी व्हायची होती. ह्यांच्या मांडीवरच्या टोपलीतली एक पोळी हलली नव्हती. वंदनाताईंनी ह्यांना खुर्ची दिली, पंख्याखाली. चहा दिला, कपात नाही, गिलासात, अर्धाच, म्हणजे सांडू नये. आणि मी उभीच! पोळ्या कोणी केल्या? गाडी कोणी आणली? वरून हे वंदनाताईंना सांगतात की यमुना गाडी बरी चालवते, फक्त गियरची घाई करत नाही. मला इतक्या वर्षांत कधी बरी म्हणाले नाहीत.

येताना सुरेशभाऊंच्या दुकानासमोरून आलो. ते बाहेरच उभे होते. इंजिनाकडे पाहिलं आणि मान डोलवली. मी समोर पाहत राहिली. ह्यांनी मागून हात केला.

टोपल्या रिकाम्या होत्या. एकीत एक घालून दोन्ही मागे बांधल्या. मधात काहीच नव्हतं. गाव सुटलं तरी ह्यांचे हात माझ्या कमरेशी तसेच होते, थरथरत. मी म्हटलं, "अवो, लोक पाह्यतेत."

म्हणाले, "तू रस्त्याकडे पाह्य."

सौंसर येईपर्यंत मी गाडी हळूच चालवली. खड्डे फार होते.